मोटारीच्या चार चाकोऱ्या

अमडापूर,
कार्तिक शुद्ध ८, शके १८५८

दाजींस महादेवचा नमस्कार. पत्रास कारण तुमची मोटार, आणि मोटारीमुळे माझ्या घरी राहिलेली माझी बहीण.

भाऊबीज होऊन गेली. सत्यभामा इथे खुशाल आहे. तुम्ही खुशाल आहात की नाही हे तुम्ही खरे सांगणार नाही, म्हणून विचारीत नाही. त्या दिवशी तुम्ही पानावरून उठून तडक निघून गेलात. मागे काय ठरले ते तुम्हांला कळवणे माझ्याकडे आले आहे.

आमच्या तळ्याजवळच्या गाडवाटेत तुमची मोटार पोटावर बसली. चाके चाकोरीत आणि पोट मधल्या उंचवट्यावर, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखी. तुम्ही भोंगा वाजवीत होता. भोंग्याने मोटार वर येते असे शास्त्र असेल. मी फक्त व्याकरण शिकलो. शेवटी कडूबा आपली बैलजोडी घेऊन आला. जोडी आज त्याची हे खरे, पण उन्हाळ्यापर्यंत ती तुमची होती. मोटार घेण्यासाठी तुम्ही पवळ्या आणि चांद्या मेहकरच्या बाजारात उभे केलेत. ते दोन हात फिरून आमच्या कडूबाच्या दावणीला आले, आणि नेमके तुमच्याच मोटारीला जुंपले गेले. पुराणात असे योग आले की आपण कीर्तनकाराला हसतो.

पवळ्याने सत्यभामेला ओळखले. ओढायचे सोडून तो मान वळवून हंबरला. ती खाली उतरली आणि त्याच्या मानेवर हात ठेवून गावापर्यंत चालत आली. मागून बैलांच्या दोराला बांधलेली मोटार, आणि मोटारीत फेटा बांधून तुम्ही. जाताना मोठ्या रस्त्यापर्यंत पुन्हा तोच थाट. आमच्या गावात पाहण्यासारखे फार काही घडत नाही, त्यामुळे ते पाहणे अजून चालू आहे.

आता तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो. "दादा, मी मोटारीतच जाईन. माह्ये बैलं इकून मोटार आणली ना त्याईनं? मंग आता बैलाबिगर मले या दारातून नेऊन दाखवा म्हणा. बैल लागला तं मी तिथंच उतरून परत येईन."

मी मध्यस्थी केली. म्हटले, आपली दमणी जुंपतो, तीत बसून जा. ती म्हणाली, "दमणीले बैल लागतात."

तुमच्या वहिनी, म्हणजे आमच्या अन्नपूर्णाबाई, नणंद राहिली म्हणून आनंदात आहेत. सत्यभामेने काल स्वयंपाकघरातले सगळे डबे नव्याने लावले. तेव्हापासून आनंद थोडा कमी झाला आहे. काय ते लवकर करा.

महादेव


डोणगाव,
ता. २७ नोव्हेंबर १९३६

भाऊसाहेबांस शेषरावचा रामराम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा राग आला म्हणून, दुसऱ्यांदा तिचं वाक्य पाहायला.

मोटारीत बिलकूल खोट नाही. खोट तुमच्या वाटेत आहे. पावसाळाभर गाड्या जाऊन चाकोरी गुडघाभर खोल झाली आणि तशीच वाळून दगड झाली. मोटार बनवणाऱ्या गोऱ्याने अमडापूर पाहिलेलं नव्हतं, हा त्याचा दोष नाही.

पण मी तजवीज केली आहे. मोटारीचा सांगाडा पोलादी कमानींवर बसतो, आणि कमानी आसावर. कमान आणि आस यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घातला की सांगाडा आपोआप वर जातो. आमचा तुळशीराम सुतार तुम्हांला माहीतच आहे. तो म्हणाला, "पाटील, गाडी ठेंगणी झाली तं आपन आसावर उशी देतोच ना? मंग मोटारीनं काऊन गरीब राहावं?" जुन्या बाभळीचे चार ठोकळे केले आहेत, मूठभर उंच. पुढचे दोन बसवून झाले. मागचा आस पूर्ण सोडवून ठेवला आहे, तो नव्याने बसवायचा आहे.

आता एक काम तुमच्याकडे. मोटार घेतली तेव्हा मी मुहूर्त पाहिला नाही, अमावास्येला घरी आणली. तेव्हा तिने चार दिवस तोंड फिरवलं होतं. तर मागचा आस बसवायला एक चांगला मुहूर्त काढून द्या. तुमच्यापाशी पंचांग आहे, संस्कृत आहे आणि रिकामा वेळही आहे. मुहूर्त मी मागितला हे मात्र तिला सांगू नका.

शेषराव


अमडापूर,
कार्तिक वद्य २

दाजींस नमस्कार.

मुहूर्त तुम्ही मागितला हे मी तिला सांगितले नाही. पत्र मोठ्याने वाचत होतो, ती दाराआड होती, यात माझा इलाज नव्हता.

पंचांग पाहिले. लोखंडाचे काम, वाहनाचे काम आणि पत्नीची प्रसन्नता या तिन्ही गोष्टी एकत्र साधेल असा काळ या पंधरवड्यात एकच निघतो. वद्य सप्तमीला सूर्योदयानंतर दीड घटका. तुमच्या खिशातल्या घड्याळाने अर्ध्या तासाहून थोडा जास्त. त्याच्या आधी योग अशुभ, आणि नंतरचे मी लिहीत नाही. आस त्या दीड घटकेतच दोन्ही बाजूंनी बसला पाहिजे. एक बाजू शुभ काळात आणि दुसरी अशुभात बसली, तर संसाराचे काय होते याची कल्पना तुम्हांला आलेलीच आहे.

सत्यभामा तुमच्याविषयी काही विचारीत नाही. पण काल अन्नपूर्णेला म्हणाली, "डोणगावात तुळशीले पाणी कोण घालत असन, काय माईत." अन्नपूर्णा म्हणाली, "पत्रात इचारू का?" त्यावर ती म्हणाली, "मले काय करायचं?" म्हणून मी विचारीत नाही. तुळशीला पाणी कोण घालते?

महादेव


डोणगाव,
ता. १० डिसेंबर १९३६

भाऊसाहेबांस रामराम.

तुळशीला मी घालतो. जेवणाची आबाळ नाही. भाकरी करायला बाई ठेवली आहे.

मोटार वर गेली! तुमच्या मुहूर्तात, दीड घटकेत, दोन्ही बाजू फिट्ट. डोणगावात तिच्याएवढी उंच मोटार नाही. दुसरी मोटारच नाही, पण असती तरी नसती. आता पोटाखालून कोंबडी पिलांसकट जाते. चढायला पाट ठेवावा लागतो. इथल्या चाकोरीतून दोनदा नेऊन पाहिली, उंचवट्याला मोटारीची सावली लागते, मोटार लागत नाही.

एक किरकोळ गोष्ट आहे. मोटार जरा तिरकी चालते. म्हणजे जाते रस्त्यानेच, पण अंग तिरकं ठेवून. समोरून येणाऱ्याला वाटतं मी त्याच्याच अंगावर येतो आहे, आणि तो गाडी बांधावर चढवतो. मागून पाहणाऱ्याला वाटतं मी उजवीकडे वळणार. मी वळत नाही. सरळ ठेवायला स्टेअरिंग एका बाजूला दाबून धरावं लागतं, त्याने खांदा भरून येतो. आमच्या गावचा इंद्रभान चावडीवरून ओरडला, "काय शेषराव, मोटार लाजून राह्यली का? तोंड फिरवून चालते!" त्याला स्वतःची सायकल चालवता येत नाही.

मापात चूक असेल म्हणाल, तर ती नाही. मागचा आस बसवताना सांगाड्याच्या आडव्या पट्टीपासून आसापर्यंत दोन्ही बाजूंना बरोबर एक एक वीत ठेवली आहे. डावीकडे एक वीत, उजवीकडे एक वीत. तुळशीराम म्हणतो लाकूड नवं आहे, बसेल हळूहळू. तुमच्या ग्रंथांत रथाविषयी काही असेल तर पाहा. तिला यातलं काही सांगू नका. लवकरच येतो असं सांगा.

शेषराव


अमडापूर,
मार्गशीर्ष शुद्ध ५

दाजींस नमस्कार.

तुमचे पत्र आले. त्याच्या कोपऱ्यावर राखेने माखलेला अंगठा उमटला आहे. भाकरी करायला ठेवलेली बाई तुमची पत्रेही लिहिते असे दिसते.

ग्रंथांत रथ पुष्कळ आहेत. ते आकाशातून जातात, शत्रूचे व्यूह भेदतात, चाक जमिनीत रुतवून घेतात. तिरके चालल्याचा उल्लेख सापडला नाही. ज्योतिषात मात्र ग्रह वक्री होतो, तेव्हा शांती करावी असे सांगितले आहे. संस्कृतात पशूंना तिर्यंच म्हणतात, आडवे चालणारे या अर्थाने. म्हणजे बैल विकून तुम्ही जे घेतलेत, तेही शेवटी पशूच निघाले. हे सत्यभामेला सांगितले. ती हसली. भाऊबीजेनंतर पहिल्यांदा. ते कळावे म्हणून लिहिले.

आता कारण सांगतो. मी दोन दिवस विचार केला. तुम्ही मोटारीत उजव्या बाजूला बसता, आणि तुमचे शरीर काही मोरपीस नाही. डावीकडे ती बसत असे. गेला महिनाभर डावी बाजू रिकामी आहे. भार एका अंगाला, त्यामुळे मोटारीचा तोल गेला आणि ती कलून चालू लागली. उपाय सोपा आहे. तिच्या जागेवर ज्वारीचे एक पोते ठेवा. तर्कशुद्ध आहे, करून पाहा.

महादेव


डोणगाव,
ता. २५ डिसेंबर १९३६

भाऊसाहेबांस रामराम.

ज्वारीचं पोतं ठेवून पाहिलं. पोतं बोलत नाही, एवढाच फरक पडला.

मोटार गोठ्यात उभी केली आहे. मी डोणगावची शीव ओलांडलेली नाही. कापसाची वेचणी चालू आहे, वेळ कोणाला आहे? तिला सांगा, वाट पाहू नये. दमणीने यायचं तर यावं, नाही तर संक्रांत तिकडेच करावी. मला काही म्हणायचं नाही.

पवळ्या कसा आहे?

शेषराव


अमडापूर,
मार्गशीर्ष वद्य २

दाजींस नमस्कार.

पवळ्या उत्तम आहे. तुम्ही खोटे बोलता.

काल सकाळी सत्यभामा आणि अन्नपूर्णा हरभऱ्याची भाजी खुडायला तळ्याकडच्या वावरात गेल्या. थोड्या वेळाने शेतावरचा माणूस मला बोलवायला आला. जाऊन पाहतो तो सत्यभामा गाडवाटेत उकिडवी बसलेली, भाजीसाठी पदराचा केलेला ओटा तसाच बांधलेला.

"दादा, हे काय हाय?"

"चाकांच्या खुणा."

"कोणाच्या?"

"मोटारीच्या दिसतात."

"या वाटेनं कोणाची मोटार येते?"

शाळेत मी प्रश्न विचारतो. माझ्यावर उलट प्रश्न येण्याची मला सवय नाही.

खुणा मोठ्या रस्त्याकडून आलेल्या होत्या. ज्या उंचवट्यावर भाऊबीजेला मोटार बसली होती तो पार करून पुढे तळ्याच्या पाळीपर्यंत. उंचवट्यावरचे गवतसुद्धा मोडलेले नव्हते. म्हणजे ठोकळ्यांनी आपले काम केले, हे मी मान्य करतो. पण पाळीपाशी बाभळीखाली मोटार थांबली, वळली आणि आल्या वाटेने परत गेली. बाभळीखाली विड्यांची थोटके पडली होती. आणि जवळच, उसवलेल्या पोत्यातून सांडावेत तसे ज्वारीचे दाणे. त्यांवर चिमण्या जमल्या होत्या. इतका सज्जड पुरावा चोरसुद्धा मागे ठेवीत नाही, दाजी.

"म्हणजे आले होते," ती म्हणाली. "इथलोक आले आन् परत गेले. इथून आपलं घर दिसते, दादा."

मी म्हटले, "दिसते खरे."

अन्नपूर्णा म्हणाली, "वन्सं, रडता काऊन?" ती म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." तळ्याच्या पाळीवर धूर नव्हता. धूर नसताना अग्नीचे अनुमान करायला न्यायशास्त्राची परवानगी नाही. मी मात्र केले.

मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "आन् हे पाह्य दादा. मी आठ वर्सं त्याईच्या वावरात पेरणीले तिफणीमागं चाडं धरलं. तिफणीले तीन फण असले तं तास तीनच पडतात. मोटारीच्या दोन चाकाच्या मागं दोन चाकं येतात ना? मंग चाकोऱ्या दोनच पडाले पाह्यजे. ह्या चार हायेत."

परतीच्या खुणा बाजूला पडत होत्या तिथे मी चष्मा पुसून पाहिले. चार होत्या. पुढच्या चाकांच्या दोन, आणि त्यांच्या शेजारून, जेमतेम वेगळ्या, मागच्या चाकांच्या दोन.

"मागचं चाक पुढच्याच्या मागं येतच नाही," ती म्हणाली. "आस तिरपा बसला. त्याईले म्हणा, ज्वारीचं पोतं उतरवा, त्याचा काई दोष नाही."

पोत्याचा सल्ला कोणाचा हे मी तिला सांगितलेले नाही. तुम्हीही सांगू नका.

घरी येऊन तुमचे जुने पत्र काढले. "डावीकडे एक वीत, उजवीकडे एक वीत" असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. आता मी तुम्हांला एकच विचारतो. तुम्ही आमच्या दारातून मान वाकवून आत येता. तुळशीराम तुमच्या काखेखालून उभ्याने जाईल. डावीकडची वीत कोणाची आणि उजवीकडची कोणाची?

उत्तर देण्याआधी एक काठी तोडा. तीच काठी दोन्ही बाजूंना लावा.

महादेव


डोणगाव,
ता. ५ जानेवारी १९३७

भाऊसाहेबांस रामराम.

आलो होतो. लपवून उपयोग नाही.

मोठ्या रस्त्याने लोक बाजूला होत गेले, ते मी सोसलं. तुमचा उंचवटा पार केला तेव्हा वाटलं जिंकलो. पण तळ्यावर पल्याडच्या गावच्या बाया धुणं धूत होत्या. त्यांतली एक ओरडली, "पळा वं बाई, मोटार आडवी येऊन राह्यली!" आणि सगळ्या ओली धुणी घेऊन पाळीवर चढल्या. मी भोंगा वाजवला, तशा त्या आणखी वर चढल्या. मग मला वाटलं, पहिल्या वेळेला बैलांनी ओढत आणलं, आता खेकड्यासारखा आडवा येतोय. दाराशी उभी राहून ती काय पाहील? बाभळीखाली बसलो. तुमच्या माडीवर कोणीतरी लुगडं वाळत घालत होतं. हिरवं होतं. परत आलो.

आता विती. तुमचं पत्र वाचून तुळशीरामला बोलावलं. म्हटलं, हात दाखव. त्याने पंजा पसरला, मी त्यावर माझा पसरला. तीन बोटं फरक! तुळशीराम माझ्या पंजाकडे पाहत म्हणाला, "पाटील, ही वीत हाय का फावडं?" मी म्हटलं, तुझी वीत आहे की चिमणीचा पाय? अर्धा तास हेच चाललं.

पण भाऊसाहेब, ही चूक झाली कशी हे ऐका. आम्ही सावकाश काम केलं असतं तर तुळशीरामनेच दोन्हीकडे माप घेतलं असतं, आणि त्याची वीत लहान असो की मोठी, दोन्हीकडे सारखीच पडली असती. पण वेळ दीड घटका! एक बाजू शुभ आणि दुसरी अशुभ होऊ नये म्हणून डाव्या कमानीपाशी मी पडलो आणि उजव्या कमानीपाशी तुळशीराम. दोघांनी एकाच वेळी आपापली वीत लावली, आपापल्या ठोकळ्याला कमानीच्या बोल्टासाठी भोक पाडलं, आणि वर मी "वेळेत झालं!" म्हणून नारळ फोडला. मुहूर्त कोणी दिला होता?

असो. आस कमानीला आवळून धरणाऱ्या कड्या सैल करून आस सोडवला. उजव्या ठोकळ्याचं भोक बाभळीची खुंटी ठोकून बुजवलं. तुरीची एकच सरळ काठी घेतली, तिच्यावर खूण केली, आणि तीच दोन्हीकडे लावून नवं भोक पाडलं. मग पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत दोर धरून पाहिला, दोन्ही बाजू सारख्या. कड्या आवळल्या. मुहूर्त पाहिला नाही. तिला सांगायचं तर सांगा.

पारख कशी केली तेही लिहितो, तिला आवडेल. खळ्यात राख पसरली आणि तिच्यावरून मोटार नेली. महिना-दीड महिना चूल मीच पेटवतो आहे, त्यामुळे राखेला तोटा नव्हता. उतरून मागे पाहिलं. दोन चाकोऱ्या. सुतासारख्या दोन. तुळशीराम आणि मी किती वेळ पाहत उभे होतो काय माहीत. इंद्रभान आला आणि म्हणाला, "राखेत काय हरपलं?"

संक्रांतीनंतरच्या रविवारी येतो. सरळ येतो.

शेषराव


डोणगाव,
ता. १८ जानेवारी १९३७

भाऊसाहेबांस रामराम. काल दिवेलागणीला आम्ही दोघं सुखरूप डोणगावास पोचलो. मोटार वाटभर उत्तम चालली. बैलांची जरूर पडली नाही. वहिनींनी दिलेले तिळाचे लाडू फुटले नाहीत.

शेषराव


डोणगाव,
ता. १९ जानेवारी १९३७

दादास सत्यभामेचा नमस्कार. वहिनीले सांगजो, डबे मी जसे लावले तसेच ठेव, सोयीचं पडते. इथं घरात राखच राख. तुळस मात्र हिरवीगार हाय. मोटार वाटभर उत्तम चालली. बैलांची जरूर पडली नाही. पवळ्याले माह्या हातचा समजून एक भाकर देजो.

सत्यभामा


अमडापूर,
पौष शुद्ध १०

दाजींस आणि सत्यभामेस महादेवचा आशीर्वाद आणि नमस्कार. कोणी काय घ्यायचे ते आपसांत ठरवा.

दोन्ही कार्डे पोचली. रविवारचा सोहळा अजून डोळ्यांपुढे आहे. तुम्ही दाराशी मोटार उभी केलीत आणि खाली उतरून काहीतरी बोलणार होता. ती तुमच्याकडे न पाहता मोटारीच्या मागे गेली, वेशीपर्यंत चालत जाऊन धुळीतल्या खुणा पाहून आली, आणि मग म्हणाली, "पाट ठेवा." माझ्या मते इतके सुंदर प्रेमाचे भाषण संस्कृत नाटकातही नसेल.

तिथेच निघाला असता तर बरे झाले असते. पण मोटार सरळ चालते हे तुम्हांला गावाला दाखवायचे होते. वेशीपासून मारुतीपर्यंत आणि मारुतीपासून वेशीपर्यंत तुम्ही किती फेऱ्या मारल्यात हे मी मोजले नाही. दर फेरीला ती खाली पाहून सांगत होती, "दोनच हायेत, दोनच हायेत!" पेट्रोल ही वस्तू संपणारी असते, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानात आले असावे असे वाटत नाही.

काल कडूबा शाळेपाशी आला. उगाच फाटकाला टेकून उभा राहिला.

"मास्तर, तुमाले काई सांगू नको असं बाईनं बजावलं हाय. म्हणून मी काई सांगत नाही."

"बरे."

"नाही म्हणजे, तळ्यापल्याड नाल्यापाशी मोटार उभी होती, हे मी सांगतच नाही."

"सांगू नकोस."

"पेट्रोल सरलं होतं. दाजी मले हाक माराले येऊन राह्यले होते, तं बाईच आधी उभी राहून ओरडली, 'कडूबा, जोडी आण!' म्या म्हटलं, बाई, तुमी तं बैल लागला की उतरणार होत्या. तं म्हणे, 'मी कुठं उतरले? मी तं बसलीच हाय.'"

मग त्याने जे सांगितले नाही ते असे. पवळ्या-चांद्या जुंपले. सत्यभामा सरकून उजवीकडे बसली आणि स्टेअरिंग धरले. तुम्ही पवळ्याच्या मानेवर हात ठेवून पुढे चालत होता. मोठ्या रस्त्याला उतारूंची सर्व्हिस मोटार थांबते तिथे पेट्रोलचा डबा मिळाला. "आन् मास्तर," कडूबा म्हणाला, "पवळ्या दाजीचा हात चाटत होता, आन् बाई वरून म्हणत होती, सरळ चाला, सरळ चाला."

तो नाला माझ्या माडीवरून दिसतो. माहेर हाकेच्या अंतरावर होते, आणि अट तिने स्वतः घातलेली होती. ती उतरली नाही.

कडूबा गेल्यावर मी तुमची दोन्ही कार्डे काढून शेजारी ठेवली. "मोटार वाटभर उत्तम चालली. बैलांची जरूर पडली नाही." एक तुमच्या हातचे, एक तिच्या. तुमची ती तुरीची काठी लावून पाहिली असती तरी दोहोंत एका बोटाचा फरक निघाला नसता. भाऊबीजेपासून मी तुमच्या घरात असे सरळ माप पाहिलेले नव्हते.

पवळ्याला भाकर दिली. दोघांच्या वतीने एकच दिली.

आस बसला आहे, दाजी. आता कृपा करून त्याला हात लावू नका, आणि पुढचा मुहूर्त माझ्याकडे मागू नका.

महादेव